१८७७ नंतरची अमेरिका

२०२३ सालच्या पावसाळ्यात माझी नात अमेरिकेहून सात आठवड्यांसाठी वसईला आली. ती तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होती. येताना तिने एक बॅग कपड्यांची आणली आणि एक अभ्यासक्रम आणला. अभियंता होण्यासाठीही तेथे इतिहासाचा एखादा विषय उत्तीर्ण व्हावे लागते. तो तिने उन्हाळी सत्रात, एका छोट्या महाविद्यालयातून, संगणकावरून घरबसल्या करायचे ठरवले होते. शुल्क कमी आणि हजेरी कोठूनही चालते, एवढाच त्यामागचा विचार होता. विषयाचे नाव होते ‘अमेरिकेचा इतिहास, भाग दुसरा : १८७७ पासून आजपर्यंत’.

मी एकतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. सहा आठवड्यांत दीडशे वर्षे शिकवणार हे ऐकून मला हसू आले आणि जरा ओळखीचेही वाटले. आपल्याकडे मार्च जवळ आला की आम्हीही दोन तासिकांत फ्रेंच राज्यक्रांती उरकत असू. कुतूहलापोटी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि मग रोजच बसू लागलो. व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित, प्रत्येकी वीसेक मिनिटांची. दर आठवड्याला पाठ्यपुस्तकाची दोन-तीन प्रकरणे, एक छोटी चाचणी, आणि एका अस्सल साधनावर तीनशे शब्दांचे टिपण. पत्र, निकालपत्र, भाषण, छायाचित्र यांपैकी काहीतरी ते साधन असे. टिपण रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत पोहोचते करायचे. ही त्यांची वेळ. आपल्याकडे तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेनऊ व्हायला एक मिनिट कमी असते. वसईची वीज नेमकी सोमवारी सकाळी का जाते, हा संशोधनाचा विषय आहे. असो.

पाठ्यपुस्तक होते ‘द अमेरिकन यॉप’. अनेक प्राध्यापकांनी मिळून लिहिलेला, इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येणारा हा ग्रंथ २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने छापूनही काढला. त्याची तीस प्रकरणे दोन खंडांत विभागलेली आहेत आणि विभागणीची रेघ आहे १८७७. पहिल्याच दिवशी मी नातीला विचारले, “१८७७ च का? या वर्षी झाले तरी काय?” तिने खांदे उडवले. “आजोबा, पहिला भाग तिथे संपतो म्हणून.” उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते मला पुरेना.

१८७७ साली काय झाले ते समजण्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तेथे जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व दिले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. या बारा वर्षांच्या काळाला तेथील इतिहासकार पुनर्रचना पर्व म्हणतात. पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांची बाजारात विक्री होत होती ती माणसे मत देऊ लागली, शाळा काढू लागली, विधिमंडळात बसू लागली. १८७० साली मिसिसिपी राज्याने हायरम रेव्हल्स यांना सिनेटवर पाठवले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. या पर्वात सुमारे २००० कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे भूषवली असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

आता हे सारे मी शाळेत कसे शिकवले? अब्राहम लिंकनने गुलामगिरी नष्ट केली, हे वाक्य फळ्यावर लिहून मी डस्टर उचलत असे. मुलेही ते वहीत उतरवून घेत. एकतीस वर्षांत एकाही मुलाने विचारले नाही की, मग पुढे त्या माणसांचे काय झाले? आणि त्यांनी विचारले नाही म्हणून मीही शोधले नाही.

पुढे जे झाले त्याचा पहिला आघात आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेतील सर्वांत मोठ्या दिवशी झाला. १३ एप्रिल १८७३. त्या दिवशी ईस्टर संडे होता. लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाची इमारत कृष्णवर्णीय रहिवाशांनी राखली होती. वादग्रस्त निवडणुकीनंतर अधिकार कोणाचे, असा तंटा होता. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने इमारतीला आग लावली. बाहेर येऊन शरण आलेल्यांनाही त्यांनी रात्री गोळ्या घातल्या. मृतांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. थोड्या आरोपींना शिक्षा झाली, पण १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्यसंस्थेला बांधते, खासगी व्यक्तींच्या कृत्यांना नव्हे, असे कारण दिले. त्याच गावी १९५० साली राज्याने एक लोखंडी फलक उभारला. त्यावर या घटनेला दंगल म्हटले होते आणि तिच्यामुळे दक्षिणेतील उपऱ्यांचा गैरकारभार संपला, अशी समाधानाची नोंद केली होती. तो फलक २०२१ साली काढण्यात आला. एकाहत्तर वर्षे तो रस्त्याकडेला उभा होता, आणि शाळेची मुले त्याच्यावरून जात-येत होती.

१८७३ हा आकडा पडद्यावर वाचला आणि मी उठून कपाटाकडे गेलो. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ त्याच वर्षीची. आणि ती त्यांनी कोणाला अर्पण केली आहे? अमेरिकेतील सदाचारी लोकांना. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यात त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल हा गौरव आहे, आणि आपले देशबांधवही शूद्रांची ब्राह्मणी दास्यातून सुटका करताना त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा त्यात व्यक्त केली आहे. मी पुस्तक नातीपुढे ठेवले. मराठी तिला अडखळत वाचता येते, पण अर्पणपत्रिका इंग्रजीतही आहे. तिने ती दोनदा वाचली. “पुण्यातून हे दिसत होतं?” ती म्हणाली. दिसत होते, आणि फार चांगले दिसत होते. परंतु ज्या वर्षी पुण्यातला माणूस अमेरिकेकडे बोट दाखवून आशा बाळगत होता, त्याच वर्षी लुइझियानात त्या आशेला आग लावली जात होती.

आता १८७७. आदल्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सॅम्युएल टिल्डन यांना जनतेची मते अधिक पडली. निर्वाचक मते मिळाली १८४, जिंकायला हवी होती १८५. वीस मते वादात होती. त्यांचा निवाडा करण्यासाठी पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. त्याने आठ विरुद्ध सात अशा फरकाने वीसच्या वीस मते रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांच्या पदरात टाकली. हेज राष्ट्राध्यक्ष झाले आणि एप्रिलमध्ये दक्षिणेतील विधिभवनांजवळ उभे असलेले अखेरचे संघीय सैनिक छावण्यांत परत गेले. कागदावरच्या तीनही घटनादुरुस्त्या जशाच्या तशा राहिल्या. त्यांच्यामागे उभा राहणारा शिपाई तेवढा निघून गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये रेल्वे कामगारांचा प्रचंड संप झाला आणि तो मोडायला सैन्य धाडण्यात आले. सुमारे शंभर माणसे दगावली. आमच्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा खंड सुरू होतो तो या संपाने. कारखाने, भांडवल, मजूर, शहरे अशी आधुनिक अमेरिकेची गाडी तेथून भरधाव सुटते.

माझी तक्रार येथेच आहे. पहिल्या सत्राच्या अखेरीस पुनर्रचना पर्व येते तेव्हा परीक्षा तोंडावर असते. दुसऱ्या सत्राच्या आरंभी ते ‘मागील भागात झाले’ म्हणून ओलांडले जाते. नातीच्या प्राध्यापिकाबाईंनी त्यावर बारा मिनिटे दिली, आणि तीही त्यांनी आपण होऊन दिली असावीत, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. रेघ कोठेतरी मारावीच लागते, हे मला कळते. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात वसईचा किल्ला १७३९ साली येई आणि त्याच परिच्छेदात निघूनही जाई. त्यानंतर येथे राहिलेल्या माणसांचे काय, याची विचारपूस पुस्तकाने कधी केली नाही. रेघ जेथे पडते तेथली माणसे दिसेनाशी होतात.

आणि अमेरिकेत ती नुसती दिसेनाशी झाली नाहीत. त्यांचे चित्र मुद्दाम बिघडवण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे विद्वान प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी असा इतिहास लिहिला की, पुनर्रचना ही घोडचूक होती, कृष्णवर्णीय मतदार राज्य करण्यास अपात्र होते, आणि त्यांच्या हातून सत्ता काढून घेणे हीच देशाची सुटका. हाच पाठ दोन-तीन पिढ्या शाळांतून शिकवला गेला. १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस या कृष्णवर्णीय इतिहासकाराने ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा मोठा ग्रंथ लिहून त्याचा प्रतिवाद केला; त्याच्या अखेरच्या प्रकरणात शालेय पुस्तकांचीच झडती घेतली. विद्यापीठांनी त्यांचे म्हणणे मनावर घ्यायला आणखी तीसेक वर्षे लावली. आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकत होते तो काळ १९१३ ते १९१६ चा, म्हणजे डनिंग तेथे अध्यापन करीत असतानाचाच. पुढे १९४६ साली आंबेडकरांनी द्युबॉइस यांना पत्र लिहिले, आणि अस्पृश्य व कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला.

सैन्य गेल्यानंतरचे काम सावकाश, कायद्याने झाले. १८९० च्या नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना स्वीकारली. मतदानासाठी कर भरा, घटनेचे कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, अशा अटी तिने घातल्या. वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता, म्हणून पंधराव्या दुरुस्तीला बाध येत नव्हता. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ साली ती उरली १,३४२. हे दोन आकडे नातीने वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. जोतीरावांचे निधनही त्याच १८९० च्या नोव्हेंबरात, २८ तारखेला झाले, हे मी तिला सांगितले. तिने आपले टिपण ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेवर लिहिले. बाईंनी त्याखाली एकच प्रश्न लिहून पाठवला : दहा वर्षांनी नवी आवृत्ती निघाली असती, तर लेखकाने ती अर्पणपत्रिका तशीच ठेवली असती का? नात तो प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, ठेवली असती. कारण ती सदाचारी लोकांना आहे, सरकारला नाही. तिला हे पटले नाही. ती म्हणाली, “आजोबा, सदाचारी लोकच तर कंटाळले.” आणि खरोखर, १८७७ पूर्वीच उत्तरेतील पुष्कळ सुधारक दक्षिणेच्या प्रश्नाला कंटाळले होते, हे इतिहासाला धरून आहे.

तिसऱ्या आठवड्यात १९२० चे दशक आले आणि घरातील वातावरण बदलले. त्या आठवड्याचे अस्सल साधन होते १९ फेब्रुवारी १९२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र : अमेरिका विरुद्ध भगतसिंग थिंड. थिंड पंजाबचे. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. ऑरेगन राज्यातील न्यायालयाने १९२० साली त्यांना नागरिकत्व दिले. कायदा असा होता की, परदेशात जन्मलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच नागरिक होता येईल. तीनच महिन्यांपूर्वी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला नकार देताना सांगितले होते की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंड म्हणाले, तत्कालीन वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. तेव्हा त्याच सदरलंडसाहेबांनी लिहिले की, शास्त्र काय म्हणते ते महत्त्वाचे नाही; सामान्य माणूस कोणाला गोरा समजतो ते महत्त्वाचे. निकाल एकमताने झाला. सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते.

नात हे मोठ्याने वाचत होती. ती न्यूजर्सीत जन्मलेली. तिच्या पासपोर्टवर अमेरिकेचा गरुड आहे. वाचता वाचता ती थांबली. “मग शंभर वर्षांपूर्वी पपांना...” एवढेच म्हणाली.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते लॉस एंजेलिसला वकिली करीत. १९१४ साली त्यांना नागरिकत्व मिळाले होते. थिंड हरल्यावर सरकारने इतर भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याचे सत्र आरंभले, आणि आता पंडित स्वतःच प्रतिवादी झाले. त्यांनी आपला खटला वंशाच्या वादात नेलाच नाही. या देशाने मला नागरिक म्हटले, त्या शब्दावर विसंबून मी सनद घेतली, घर घेतले, येथील स्त्रीशी विवाह केला. आता तो शब्द मागे घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. थिंड यांनाही सैनिकांसाठी झालेल्या कायद्याखाली १९३६ साली अखेर नागरिकत्व मिळाले. परंतु सर्वांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. कॅलिफोर्नियातील व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व आणि त्याबरोबर मालमत्ता गमावल्यावर १९२८ साली आत्महत्या केली.

त्याच ऑरेगनमध्ये त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आपल्या वाचकांना जवळची वाटेल. नोव्हेंबर १९२२ मध्ये तेथील मतदारांनी असा कायदा संमत केला की, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कू क्लक्स क्लॅन ही संघटना या कायद्याच्या पाठीशी होती. कॅथलिक हे रोमला निष्ठावंत, म्हणून खरे अमेरिकन नव्हेत. त्यांच्या शाळा बंद पडल्या पाहिजेत, असा तो रोख. १८५९ पासून ऑरेगनात शाळा चालवणाऱ्या येशू व मरिया यांच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनींनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या जोडीला एक बिगर-कॅथलिक सैनिकी विद्यालयही होते. १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : मूल ही शासनाची मालमत्ता नव्हे, त्याने कोठे शिकावे हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे. कायदा अमलात येण्यापूर्वीच संपला. धर्मग्रामाच्या शाळेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून किती बरे वाटले, ते काय सांगू? १९२८ साली न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून हरले, १९६० साली केनेडी जिंकले; हा सारा प्रवास मी नातीला उत्साहाने समजावू लागलो, जणू व्याख्यान माझेच.

पण पुढच्याच आठवड्यात माझा उत्साह उतरला. १९३० च्या दशकात मिशिगनचे एक धर्मगुरू, चार्ल्स कॉफलिन, रेडिओवरून कोट्यवधींना ज्यूंविरुद्ध विष पाजत होते. वरिष्ठांनी त्यांना पुरते थांबवले ते १९४२ साली. न्यू ऑर्लीन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ साली पत्रक काढून वर्णभेद हे पाप आहे असे स्पष्ट सांगितले. परंतु कॅथलिक शाळांची दारे कृष्णवर्णीय मुलांना उघडायला १९६२ साल उजाडले. तेव्हा विरोध करणाऱ्या तीन कॅथलिकांना त्यांनी धर्मबहिष्कृत केले. ते विरोधक मिस्साला जाणारेच होते. नातीने माझ्याकडे पाहिले. टोमणा मारला नाही, हा तिचा चांगुलपणा.

महामंदी, दुसरे महायुद्ध, सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडणे, व्हिएतनाम हे सारे रुळांवरून जाणाऱ्या विरार फास्टसारखे गेले. पाचव्या आठवड्यात गाडी पुन्हा १८७७ जवळ येऊन थांबली, कारण ६ ऑगस्ट १९६५ रोजी संमत झालेला मताधिकार कायदा म्हणजे पंधराव्या दुरुस्तीने पंचाण्णव वर्षांपूर्वी दिलेले वचन होते. सेल्मा येथील पुलावर मोर्चेकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. नंतर दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. १९४६ पासून भारतीयांना वर्षाला शंभरच जागा होत्या; देशादेशांत उजवे-डावे करणारी ती पद्धत त्या कायद्याने मोडीत निघाली. माझा मुलगा संगणकाच्या कामासाठी अमेरिकेला गेला आणि तेथे राहिला, त्या वास्तव्याचे मूळ या कायद्यात आहे. मी विमानतळावर त्याला निरोप दिला तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. मुलगा हुशार म्हणून गेला, असेच आम्ही धर्मग्रामात सर्वांना सांगितले. तो हुशार आहेच. पण त्याच्यासाठी दार उघडे होते, आणि ते ज्या वाऱ्याने उघडले तो सेल्माच्या पुलावरूनही आला होता.

नातीने शेवटचे टिपण यावरच लिहिले. सोमवारी सकाळी नऊ वाजता वीज गेली. तिने मोबाइलवरून संगणक जोडला, नऊ पंचवीसला टिपण गेले, आणि तिच्या आजीने देवापुढे लावलेली मेणबत्ती विझवली. अभ्यासक्रम संपला. तीन श्रेयांक तिच्या गुणपत्रिकेत जमा झाले.

ती परत जायला निघाली तेव्हा मी विचारले, पहिला भाग कधी घेणार? “आजोबा, इंजिनिअरिंगला एकच लागतो,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिने माझ्या संगणकावर पहिला खंड उतरवून दिला आणि अक्षरे मोठी कशी करायची ते दाखवले. तो मी रोज दुपारी थोडा थोडा वाचतो. त्याचे अखेरचे, पंधरावे प्रकरण पुनर्रचना पर्वावर आहे. सध्या मी तेथवर आलो आहे.